टायरातली हवा

आर्डिसचं नाव निघालं की आमच्या खोऱ्यात सगळे एकच गोष्ट सांगून हसतात. ती दर वर्षी पहिल्या बर्फाच्या आधी घराखाली सरपटत जाते आणि घराच्या टायरांत हवा भरते. हसणाऱ्यांचं काय जातं? त्यांची घरं पक्क्या पायावरची. आर्डिसचं घर चाकांचं. पत्र्याची लांबलचक पेटी, खाली लोखंडी सांगाडा, त्याला आस आणि चाकं, आणि चाकं दिसू नयेत म्हणून सगळीकडून पत्र्याची झालर. असलं घर ट्रकला जोडून आणतात, जागेवर ठेवतात आणि चाकं काढून विकतात. आर्डिसने चाकांना कुणाला हात लावू दिला नाही.

कारण तिच्या नवऱ्याने, मर्लने, तिला शब्द दिला होता. इथे मोंटानात मर्लच्या थोरल्या भावाची जमीन आहे. तिथे एक हिवाळा काढायचा, लाकूडतोडीत चार पैसे गाठीला बांधायचे आणि वसंतात घर ओढत ओरेगनच्या किनाऱ्याला जायचं, आर्डिसच्या बहिणीच्या शेजारी. तेव्हा आर्डिसचे केस लालभडक होते. आता डोकं पार पांढरं झालंय आणि तो एक हिवाळा अजून संपलेला नाही.

मी एल्डन, त्यांचा शेजारी. वेल्डिंग करतो, चुली बांधतो. बायको गेल्यापासून रात्रीचं जेवण बहुतेक आर्डिसकडेच, त्यामुळे त्या घरात काय चालतं ते मला न विचारता कळतं. नाताळ झाला की तिच्या बहिणीचा, युनिसचा, फोन येतो. युनिस विचारते, थंडी किती आहे? आर्डिस म्हणते, विचारू नकोस, हाडं गोठली, हे इथलं शेवटचंच वर्ष. युनिस म्हणते, तुझ्या घराची जागा राखून ठेवलीय गं. दर वर्षी शब्दाला शब्द तेच. मर्ल तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसतो.

त्यात मर्लच्या पायांनी दगा दिला. जंगलात हिवाने दोन बोटं आधीच गेली होती, आता घोट्याखाली रक्तच धड फिरेना. डॉक्टरने बजावलं, आणखी एक हिवाळा पाय असे गार पडले तर दोन्ही कापावे लागतील. आणि त्या घरात पाय गरम राहणार कुठून? गॅसची भट्टी गरम वारा छताला लावते, जमीन बर्फासारखी. बर्फ पडलं की गॅसची गाडी चढण चढत नाही ते वेगळंच.

शरद लागला आणि आर्डिस माझ्या शेडमध्ये आली. म्हणाली, मला ती रॉकेट चूल बांधून दे. त्या चुलीत बारीक वाळकी लाकडं उभी घालायची. आग खाली जाऊन आडवी पळते आणि वर पालथ्या घातलेल्या पिंपात घरघरत चढते. धूर मग मातीच्या लांब बाकातून फिरत फिरत बाहेर पडतो आणि जाताना सगळी ऊब बाकाला देऊन जातो. दोन पाट्या काटक्यांत बाक दुसऱ्या दिवसापर्यंत गरम. मर्लने त्यावर पाय पसरून बसायचं, बस्स.

मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? तुझ्या घराची जमीन दाबलेल्या लाकडी भुशाची. एवढी माती-दगड ठेवलेस तर सगळं भसकन खाली जाईल."

"मग खालून खांब दे."

"खांब जिथे द्यायचे तिथे आस आहे. आस कापावा लागेल, चाकांसकट. आणि एकदा तो बाक बसला की घर जन्मात हलायचं नाही. कळतंय का, काय मागतेयस?"

तिला कळत होतं. ती माझ्या टेबलावरचा लोखंडाचा कीस हाताने गोळा करत बसली.

संध्याकाळी जेवताना मर्लला सांगितलं. आर्डिसने हरणाच्या मटणाचा रस्सा केला होता. मर्लने चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाला, "नको बांधूस." मग तिच्याकडे वळला. "रस्ते अजून मोकळे आहेत. भावाचा ट्रक मागतो. घर ओढून किनाऱ्याला जाऊ. तिथे बर्फच नाही, पायही वाचतील. मी तुला फार थांबवलं, आर्डिस."

इतक्या वर्षांनी का होईना, या माणसाच्या तोंडून निघालं तरी! मी म्हटलं, उद्याच चाकं तपासतो.

सकाळी झालर काढून बॅटरी घेऊन घराखाली शिरलो. टायर बघून जीव सुखावला. काळेभोर, टणक, एक चीर नाही. मग चाक फिरवून बघितलं. हलेना. हातोडी मारली तर आसाचे पापुद्रे तोंडावर पडले. पुढे जिथे ट्रक जोडायचा तिथला सांगाडा गंजाने खाऊन टाकला होता, बोट घातलं तर आरपार. ओढायला गेलं असतं तर पुढचं टोक ट्रकबरोबर किनाऱ्याला गेलं असतं आणि घर इथेच राहिलं असतं.

मागे खसखस झाली. आर्डिस सरपटत आली आणि माझ्या शेजारी उताणी पडली.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कधीचं."

"मग मेले, दर वर्षी हवा कशाला भरतेस?"

"टायर तरी चांगले आहेत ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "नवं घर घ्यायची ऐपत नाही. युनिसच्या दोन खोल्यांत तिचा लेक आणि सून. घराशिवाय कुठे जाऊन पडू? तू मर्लला यातलं काही सांगू नकोस. तो न्यायला तयार झाला आणि मीच नाही म्हटलं, असंच राहू दे."

मला इतका राग आला होता, कुणाचा ते मात्र कळेना. वर जाऊन तिने मर्लला सांगितलं की या वयात नवी जागा नको, मला इथेच बरं वाटतं. मर्लचा चेहरा असा उजळला की बघवेना. मला म्हणतो कसा, "बघ, मी म्हणत नव्हतो? हिला इथलं पाणी मानवलंय." हातातली हातोडी मी खिशात घातली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग काय, कामाला लागलो. आस कापला. चाकं आर्डिसने स्वतः गडगडत शेडमध्ये नेऊन भिंतीला उभी केली. सिमेंटच्या ठोकळ्यांचे खांब मातीपासून घराच्या तळापर्यंत आणले. ओढ्याकाठची चिकणमाती, रेती, गवताच्या काड्या ताडपत्रीवर टाकून आर्डिस अनवाणी तुडवायची, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मर्ल खुर्चीत बसून अक्कल शिकवायचा. तिच्या चिखलाचे गोळे मी धुराच्या नळाभोवती थापले, मधे दगड भरले, वर पिंप पालथं घातलं. सुकायला वेळ लागला, तोवर बर्फही आलं.

पहिला जाळ घातला तेव्हा पिंप घरघरलं आणि बाहेर धुराच्या जागी किटलीएवढी वाफ आली. संध्याकाळपर्यंत बाक गरम. मर्लने मोजे काढून पाय टेकवले. दुसऱ्या दिवशी त्याच्या टाचांना गुलाबी रंग आला होता. तो बाकावरच झोपायला लागला. पाय वाचले, डॉक्टरही तेच म्हणाला.

नाताळ झाला. मी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. बाहेर झाडं तडकण्याइतकं हीव होतं आणि आत आर्डिसने स्वेटर काढून ठेवला होता. मर्ल अनवाणी, बाकावर घोरत होता. फोन वाजला. आर्डिस फोन घेऊन त्याच्या पायांशी टेकली. युनिस नेहमीचंच विचारत होती, मला पलीकडून ऐकू येत होतं.

आर्डिसच्या कपाळावर घाम आला होता. तिने तो हातरुमालाने टिपला आणि झोपलेल्या मर्लकडे एकदा बघितलं.

"थंडी ना? विचारू नकोस गं," ती म्हणाली, "हाडं गोठली. हे इथलं शेवटचंच वर्ष."