तारीख टाकून निश्चिंत झालेला अजय

हे पांडुरंगा, ज्या तुला क्षणाचीही झोप ठाऊक नाही, त्या तुझ्या पायी मस्तक ठेवतो आणि मगच त्या माणसाचे नाव घेतो, ज्याने आपली जाग यंत्राला देऊन टाकली. धानोऱ्याकडच्या एका गावचा हा अजय उसेंडी.

नागपुरात संगणक शिकून आला, ग्रामसभेची वेबसाइट त्याने बांधली, आणि तेव्हापासून मान अशी ताठ, की बांबूने लाजावे! गावाचा नेम असा, की तेंदूपानाच्या लिलावाची तारीख देवीच्या पूजेआधी जाहीर करायची नाही. म्हणून अजयने सूचना अगोदरच लिहिली, त्या दिवशी ती आपोआप झळकेल या भरवशावर तिच्यावर पूजेच्या दिवसाची तारीख घातली आणि हात झटकले.

पूजेच्या दुपारी बायको चंदा म्हणाली, "एकडाव साइट उघडून तं पाहा."

"तुले काय समजते? आपोआप येते ते."

अहो, काय ते ज्ञान! त्याची साइट म्हणजे रांधून झाकलेले अन्न. जे काल शिजलेच नाही, ते आज ताटात कुठून येणार? साइट तयार होते तेव्हा पुढच्या तारखेचा मजकूर ती वगळते. तो दिवस उजाडला की साइट पुन्हा तयार करावी लागते, नाहीतर ती रोज तयार होण्याची सोय लावावी लागते. हे त्याला शिकवले होते. पण महाराजांना कंटाळा आला!

लिलावाच्या दिवशी मांडव सजला, सतरंज्या अंथरल्या, आणि व्यापारी एकही फिरकला नाही. इकडे झाडावरचे पान निबर होत चाललेले. ग्रामसभेच्या अध्यक्ष रुखमाबाईंनी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"काऊन रे, सूचना कुठी हाय? मले तं नाई दिसून राह्यली."

"बाई, तारीख तं टाकली होती, आपोआप येते ते..."

"आपोआप तं शेंबूडच येते, अजय!"

मांडव खदखदला. अजयने तिथेच साइट पुन्हा तयार केली. सूचना झळकली, हुकलेल्या लिलावाची! नवा दिवस ठरला, तेव्हा हा शहाणा विचारतो, "हे बी उद्याच्या तारखेनं टाकू का?"

"आत्ता टाक. माह्या डोळ्यादेखत."

दुसऱ्या लिलावाला व्यापारी आले, पण उशीर व्हायचा तो झालाच; अर्ध्या जंगलाचे पान तसेच झाडावर राहिले. त्या हंगामात अजय मान खाली घालून पानतोडीला गेला.

देवा, हा आळशी, हा गर्विष्ठ, तरी तुझेच लेकरू. त्याला उदंड आयुष्य दे, लाज दे आणि लाजेतून उगवणारी उमेद दे. चंदाची चूल धगधगती राहो, उसेंडींच्या अंगणात धान्य आणि हसू नांदो!