तबलीला सनमायका

माझ्या तंबोऱ्याला सनमायका लावला, तोही सागाच्या नक्षीचा. लावणारा कोणी परका नव्हता, माझा सख्खा धाकटा भाऊ. कर्जतमध्ये आम्ही एकाच घरात राहतो, आणि बाजारात त्याचं सुतारकामाचं दुकान आहे. दारं, किचन ट्रॉल्या करतो आणि काम चोख करतो, हेही सांगून टाकते. रागाच्या भरात खोटं बोलायला नको.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पातळ लाकडी फळी बसवलेली असते, तिला तबली म्हणतात. तार छेडली की खरी घुमते ती तबली. माझी अखंड लाकडाची होती. वीस वर्षं तिच्या सुरावर मी गावातल्या मुलींना गाणं शिकवलं. यंदाच्या मे महिन्यात तिला उभी चीर गेली. चूक माझीच. दिवसभर खोली तापायची, संध्याकाळी मी कूलर लावायची, आणि त्या ओल्या वाऱ्यासमोरच तंबोरा उभा. लाकूड सोसून सोसून किती सोसणार? मिरजेच्या कारागिरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "घेऊन या. चीर सांधता येते. मूळ फळी आहे तोवर आवाज कुठं जात नाही." आज नेऊ, उद्या नेऊ करत मी दोन महिने घालवले.

मग गाण्याच्या परीक्षांना परीक्षक म्हणून चार दिवस संगमनेरला गेले. रात्री उशिरा परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुकानातून तंबोरा घेऊन आला. तोंडभर हसत होता.

"आक्का, आता जन्मात चिरायची न्हाई. मरीन प्लाय हाय. पाण्यात टाकली तरी फुगत न्हाई. वरनं सनमायका, फडकं मारलं की साफ!"

"अरे, मला गाणं शिकवायचंय, मोरीला दार बसवायचं नाही!"

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी तार छेडली. टेबलावर बोट आपटावं तसा आवाज आला आणि तिथंच मेला.

"येतोय की आवाज," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्लायमध्ये थरावर थर, एक उभा, एक आडवा, डिंकानं एकमेकांना आवळून धरलेले. कुणी कुणाला हलू देत नाही, म्हणून ती चिरत नाही. घुमत नाही तीही त्याचमुळे. पातळ थरांची बरी वाद्यं बनतात, मला ठाऊक आहे. पण ही दाराची प्लाय होती! आणि चिरणार नाही हे त्याचं म्हणणं खरं होतं, त्याचा मला जास्तच संताप आला.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू आली की चकित करायचं हुतं. रोज त्या चिरीकडं बघून तोंड पाडून बसायचीस."

हे ऐकूनही माझा राग उतरला नाही. माया करायला अक्कल लागत नाही का? पण निदान एक वाट उरली होती. जुनी फळी मिरजेला नेली तर तंबोरा पुन्हा बोलला असता.

"जुनी तबली कुठं आहे?" मी विचारलं.

"ती व्हय? दुकानातल्या तुकड्यांसंगं घरी आनली हुती. लई वाळकी. सकाळी तुझ्या आंघोळीला बंबात घातली. झटकन पेटली बघ."

मी डोक्याला हात लावला. माझे केस अजून ओले होते.