जानकीला मी टोचू दिलं नाही

बायको गेल्यावर सहा महिने मी शितळाआईला शिव्या घातल्या. लिहायला लाज वाटते, पण लपवून कुणाला फसवू? देवाचे अनुभव सांगणारी माणसं आधी आपण किती भाविक ते सांगतात. मी भाविक नव्हतो, भित्रा होतो. आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीला लागून, सगळी वस्ती मिठागरावर राबणारी. आमच्याकडे अंगावर देवीचे फोड आले की आजार म्हणत नाहीत, घरात आई आली म्हणतात. मला लहानपणी आई येऊन गेली. तोंडावर खड्डे अजून आहेत. त्या भीतीलाच मी आयुष्यभर भक्ती समजत आलो, आणि तिथेच माझं सगळं चुकलं.

माझी बायको जानकी. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पोर जगेना, मग भिकी झाली. ती वर्षाची असताना लस टोचणारा सरकारी माणूस गावात आला. श्रीवर्धनकडचा मुसलमान, उतारवयाचा, पांढरी दाढी, काखेत पत्र्याची पेटी. त्याला सगळे देवीवाले चाचा म्हणत. चाचा आले की अर्ध्या गावाची पोरं तिवरांत लपायची. मी लपवलं नाही, कारण पाटील दारात उभा होता. चाचांनी भिकीच्या दंडावर सुरीनं ओरखडे काढले, नळीतली लस लावली आणि म्हणाले, "वाळू दे. पाणी लावू नको. आठ दिवसांनी बघायला येतो." ते वळले नाहीत तोच मी मिठागरातलं दाट खारं पाणी आणलं आणि पोरीचा दंड घासून काढला. मिठानं काय काय मरतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. आईच्या खुणा माणसानं सुरीनं काढायच्या म्हणजे आईचा अपमान, असं माझं डोकं. पोर किंचाळत होती. जानकी माझा हात ओढत म्हणाली, "आवो, मीठ चोळायला पोर हाय का मासली?" मी ऐकलं नाही. आठव्या दिवशी चाचा आले, तर दंडावर फोड उठलाच नव्हता. त्यांनी पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले.

सहा वर्षं काही झालं नाही. मी मनात म्हणायचो, बघा, आईनं सांभाळलं. जर्मनची लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्यात साथ आली आणि भिकीला आधी ताप, मग फोड. आम्ही दाराला निंबाचा डहाळा बांधला. घरात मासळी बंद, फोडणी बंद, माझी दाढी बंद, परक्या माणसाला उंबरा बंद. सात वर्षांच्या पोरीला आम्ही आई म्हणून हाक मारू लागलो, कारण आता ती पोर नव्हती. तिच्या पापण्या चिकटल्या होत्या आणि ती पाणी मागत होती. कडेला आमचा बाळ्या, आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा. जानकी एका हातानं भिकीला वारा घालायची आणि दुसऱ्या हातानं बाळ्याला दूर सारायची. तिनं देवीला नवस बोलला होता, दोघं यातून सुखरूप सुटली की चौलला शितळाआईच्या पायावर घालीन. मी कोपऱ्यात बसून नाव घेत होतो. नाव घेत होतो म्हणजे थरथरत होतो.

फोड दिसल्याचा तिसरा दिवस. त्या सकाळी चाचा खरं तर रेवसला चालले होते. करंज्याला पोचले आणि वारा पडला. रेवसला नेणारी तर, म्हणजे शिडाची होडी, हलेना. बाकीचे उतारू झाडाखाली आडवे झाले. चाचा म्हणाले असतील, बसून काय करू, आणि पेटी उचलून आमच्या वस्तीकडे चालत आले. वारा का पडला ते मला विचारू नका. मी खाडीवर जन्म काढला. त्या महिन्यात सकाळचा वारा असा पडलेला मला आठवत नाही, एवढंच सांगतो.

दारातला डहाळा बघून ते बाहेरच थांबले. "कोण आहे रे आजारी?" मी उंबऱ्यावर आडवा उभा राहिलो. म्हटलं, "घरात आई हाय. परक्यानं यायचं न्हाय." ते म्हणाले, "आई आहे तर मी परका कसा? जन्मभर तिच्याच मागे फिरतोय." आतून जानकी ओरडली, "येऊ द्या त्यांना! डहाळा बांधून तीन दिस झाले, पोरीचा डोळा उघडला का?" मी बाजूला झालो. चाचांनी वहाणा बाहेर काढल्या, पाणी उकळायला लावलं, निवलं तसं मऊ फडक्यानं भिकीच्या पापण्या पुसायला बसले. किती वेळ बसले देव जाणे. एक पापणी सुटली, मग दुसरी. भिकी बघून म्हणाली, "ह्यो कोन बुवा?" जानकी हसली आणि रडली. आज त्या पोरीच्या तोंडावर माझ्यासारखे खड्डे आहेत, पण तिला सुईत दोरा ओवता येतो.

मग चाचा बाळ्याकडे वळले. म्हणाले, "ह्याला टोचलंय?" जानकीनं नकाराची मान हलवली. "आज टोचलं तर ह्याचं निभावेल. आणखी चार दिवस गेले तर माझ्या हातात काही नाही." घरात आई बसलेली असताना सुरी लावायची! पण सहा वर्षांपूर्वीचं मीठ त्या क्षणी मला सरळ दिसलं. मी तोंडानं बोलून टाकलं, "चाचा, पोरीचा दंड मी खाऱ्या पाण्यानं घासला होता." ते पेटी उघडता उघडता म्हणाले, "ठाऊक आहे. सालटं निघालेलं होतं. मी तेव्हाच परत टोचायला हवं होतं. पुढचं गाव गाठायची घाई होती मला. चूक माझी पण आहे." एवढं बोलून त्यांनी बाळ्याचा हात धरला. मी पोराला मांडीवर घट्ट दाबून बसलो. झालं.

पेटीत एक नळी शिल्लक होती. चाचांनी जानकीला विचारलं, "बाई, तुला लहानपणी टोचलंय का? आई येऊन गेली आहे का?" ती म्हणाली, "दोनी न्हाय. माझ्या बापसानं मला मिठाच्या राशीमागं दडवली होती. लई हुशार मानूस." आणि तिनं चोळीची बाही वर सारून दंड पुढे केला. मी म्हणालो, "तिला नको." चाचा म्हणाले, "पोरीजवळ तीच बसणार ना?" मी म्हणालो, "बाईमाणसाला परपुरुषानं हात लावायचा न्हाय. आनि अंगावर पोर हाय तिच्या." ते हळू आवाजात म्हणाले, "अरे, मी तिच्या बापाच्या वयाचा." मी म्हणालो, "एकदा न्हाय म्हंटलं ना." जानकीनं माझ्याकडे पाहिलं. "घ्या! मिठागरावरचा मुकादम घरी पन आला," म्हणाली, आणि बाही खाली ओढली. तिनं भांडायला हवं होतं. इतर वेळी भांडायची. त्या दिवशी दमलेली होती.

मी त्या वेळी कशाला अडलो? देवीच्या भीतीनं नाही. ती भीती तर मी बाळ्याला मांडीवर धरताना गिळली होती. मी अडलो गावाच्या बोलण्याला. मुसलमानानं बायकोचा दंड धरला असं कुणी हसत म्हणेल, एवढ्याला. एवढ्याशा गोष्टीला.

आठ दिवस मी बाळ्याच्या दंडाला वारासुद्धा लागू दिला नाही. फोड उठला, टपोरा. आठव्या दिवशी चाचा तो बघायला आले. भिकीच्या खपल्या धरत होत्या, बाळ्या खेळत होता, आणि माझ्या मनातली टोचणी मला बसू देत नव्हती. मी स्वतः म्हणालो, "चाचा, आता हिला टोचा." त्यांची पेटी रिकामी होती. शेवटची नळी त्यांनी दुसऱ्या गावात वापरली होती. म्हणाले, "उशीर झालाय. तरी अलिबागेहून आणतो." ते माघारी गेले आणि चौथ्या दिवशी धापा टाकत परत आले. जानकीला आदल्या दिवसापासून ताप होता. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. त्या वेळी मी परपुरुष म्हणालो नाही. त्यांनी पेटी उघडलीच नाही.

तिला आई फार दाट आली. चाचा एक दिवसाआड यायचे, पाणी पाजायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायचे. शेवटच्या दिवसांत तिनं माझ्यावर एका शब्दाचा राग धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाली, "चौलचं इसरू नका." एका सकाळी, भरती लागत असताना, ती गेली.

मग मी शिव्या घातल्या. आईला म्हणालो, तुझ्या मानासाठी मी मीठ चोळलं, डहाळा बांधला, आणि तू माझं घर फोडलंस. सहा महिन्यांनी नवस फेडायचा म्हणून गेलो. फेडायची इच्छा नव्हती, पण शब्द जानकीचा होता. तरीनं खाडी ओलांडली, रेवसहून अलिबागेवरून चालत चौल. बाळ्या खांद्यावर, भिकी बोट धरून. दोघांना पायावर घातलं. मी वाकलो नाही, तोंडावर भांडायला उभा राहिलो. देवळात गर्दी नव्हती. कुणी काही बोललं नाही, घंटा वाजली नाही, फूल पडलं नाही. मी फक्त बोलायला तोंड उघडलं आणि पहिलंच वाक्य जुळेना. तू नेलंस म्हणावं तर आठवलं, वारा पडला होता. माणूस आला होता. नळी उरली होती. जानकीनं दंड पुढे केला होता. आईकडून सगळं आलं होतं, दारापर्यंत, घरात, हाताच्या अंतरावर. मधे नाही म्हणणारा एकटा मी. तिथे माझे गुडघे वाकले, ते नवसासाठी नाही.

त्यानंतर जितकी वर्षं चाचा आले तितकी वर्षं मी त्यांच्या पुढे दारोदार चालत गेलो. आता ते घरी बसले, त्यांच्या जागी नवा माणूस येतो, तरी मी जातो. परवा शेजारचा एक तरणा बाप दारात आडवा उभा. बायको मागे पोर घेऊन उभी. मला म्हणाला, "म्हाताऱ्या, तुला काय कळतंय रे यातलं?" मी म्हणालो, "कायपन कळत न्हाय. तवाच कळलं असतं तर जानकी आज तुला दोन शिव्या देत इथं उभी असती." तो बाजूला झाला. पोराला टोचलं, तिलाही टोचलं.

देवावर भार टाकणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मी समजत होतो. तसं नसतं. आई ज्याच्या हातानं देते, त्याची जात, त्याचा धंदा, गावाचं हसू, काही न बघता घ्यावं लागतं. एवढं वाकणं मला जमलं नाही. तरी तिनं माझी दोन पोरं ठेवली, याचं ऋण आहे. चाचांचंही आहे. रोज आईचं नाव घेतो आणि काही मागत नाही. माफीसुद्धा मागत नाही. ती देवीनं द्यायची नाही, जानकीनं द्यायची आहे.