टोपलीखालचं पाऊल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विचारलंच, तर टोकावड्याजवळच्या रिसॉर्टवर देखरेखीला होतो, एवढंच सांगायचो. खरं म्हणजे मी तिथं लोकांना घाबरवायचो.

डोंगर खचायला लागला तशी आमची वाडी खाली रस्त्याकडे आली. वरची ओस घरं रिसॉर्टवाल्यांनी भाड्यानं घेतली आणि तिथं भुताचं नाटक उभं केलं. तिन्हीसांजेला पाहुणे कंदील घेऊन घराघरांतून फिरत, सोंगं त्यांच्यातच मिसळलेली. धुकं उतरलं की माणूस कोण आणि सोंग कोण, मलाही उमगत नसे.

शेवटच्या घरातून मात्र पाहुणे हसत बाहेर पडायचे. तेव्हा मी मॅनेजरला आमची रीत सांगितली. माणूस गेला की त्या जागी पीठ पसरतात, दिवा लावून वर टोपली झाकतात. सकाळी पिठात जे उमटेल, त्या रूपानं तो पुढं गेला.

ते घर शेजारच्या वहिनींचं. त्यांचा धाकटा लेक नदीत बुडाला, तेव्हा याच घरात टोपली मी उचलली होती. पीठ कोरं होतं. वहिनी त्या कोऱ्या पिठाकडे बघत बसून राहिल्या होत्या.

नाटकाला कोरं पीठ चालत नव्हतं. मी मूठ वळून पिठात दाबायचो, वर बोटानं पाच टिंबं. गौरीची पावलं काढतात तशी. टोपली उचलली की किंकाळी उठे. जाताना लोक मोबाइलवर तारे देत म्हणायचे, "काका, पावलाचं एक नंबर! पैसा वसूल!" मला फार बरं वाटायचं.

एका संध्याकाळी पाहुण्यांच्या घोळक्यात वहिनी दिसल्या. बाकीचे ओरडून मागं सरले, त्या खाली वाकल्या.

"भावजी, तवा उमटलं नव्हतं ना?"

"वहिनी, हे नाटक आहे."

"सोंगं कळतात मला. पीठ कसं खोटं बोलंल?"

पुढचा घोळका दारात येऊन थांबला होता. मी टोपली पुन्हा झाकली.

"वाट चुकला असंल," त्या हसल्या. "घरी येळंवर कधी आला होता मेला?"

मग त्या रोज उंबऱ्यावर दुधाची वाटी ठेवू लागल्या. पाहुण्यांना तीही नाटकातलीच वाटली. लोक तिचे फोटो काढायचे. वाटीची कल्पना माझीच समजून मॅनेजरनं माझी पाठ थोपटली.

नाटक बंद पडलं. वहिनी लेकीकडे उंबरमाळीला गेल्या. त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तसा भेटायला गेलो. खिडकीबाहेर धुकं होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लेकीला म्हणाल्या, "यांच्यामुळं दिसलं गो मला त्याचं पाऊल."

तोच हात होता. माझी मूठ आपोआप वळली. 'वहिनी, ते पाऊल या मुठीचं होतं, मला माफ करा,' एवढंच म्हणायचं होतं. त्या माझी मूठ कुरवाळत राहिल्या, आणि मी ते म्हटलं नाही.