खिजरने सोडलेली वाघीण

बहरीनमधल्या सनद गावाजवळच्या खाडीत आम्ही तिवराची रोपं लावतो. मी मालवणचा सदानंद, टोळीचा फोरमन. खिजर माझ्या टोळीत आहे, सुंदरबनातला.

गावी तो वाघ राखणाऱ्या पथकात होता. तिवरांच्या जंगलातून वाघ वस्तीत शिरला की त्याला न मारता परत हाकायचं, हे पथकाचं काम. एकदा शेजाऱ्याच्या गोठ्यात वाघीण शिरली. माणसं कुऱ्हाडी घेऊन जमली. खिजर दारात आडवा उभा राहिला. शिव्या खाल्ल्या, डोक्यात दगड खाल्ला, पण वनखात्याची माणसं येईपर्यंत हलला नाही. त्यांनी तिला बेशुद्ध करून पलीकडच्या बेटावर सोडलं.

त्याच हिवाळ्यात त्याचा धाकटा भाऊ गनी त्या बेटाकडे खेकडे धरायला गेला. गुडघ्याखालचा पाय तेवढा सापडला. वाघीण तीच की दुसरी, कुणाला ठाऊक. पण पाय पुरतानाच बाप खिजरला म्हणाला, "तुझ्या वाघिणीने माझा पोर खाल्ला."

गनीच्या बायकोला, जुबैदाला, गावाने पांढऱ्या पायाची ठरवलं. तळ्यावर पाणी भरू देईनात. तिला आणि तिच्या पोरींना जगवायला खिजर इथे बहरीनला आला.

गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या फोनवर व्हिडिओ आला. जाळ्यात अडकलेला वाघ, भोवती सगळा गाव. पहिला घाव जुबैदाने घातला. वाघ लवकर मेला नाही. खिजरने शेवटपर्यंत पाहिलं.

मग तिचाच फोन आला. काय बोलणं झालं ते त्याने मला नंतर सांगितलं.

"आता तळ्यावर मला कुणी अडवत नाही," ती म्हणाली. "तू इथे असतास तर?"

"दारात उभा राहिलो असतो."

"मग तुलाही मीच मारलं असतं." तिने फोन ठेवला.

"खोटं बोलायचंस," मी म्हटलं. "तिला तेवढंच ऐकायचं असेल."

"मी काय बोलणार ते तिला माहीत होतं. म्हणून तर विचारलं."

त्याची रजा मंजूर झाली होती. बापाने कळवलं, "आलास तर गनीच्या शेजारी जागा आहे." मी रजा रद्द केली. त्यानंतर घरून कुणी त्याचा फोन उचलला नाही.

या ईदनंतर गनीच्या थोरल्या पोरीचं लग्न झालं. फोटो गावच्या एका ओळखीच्याने पाठवला. खिजरने मला एकेकाकडे बोट करत नावं सांगितली. मग फोन खिशात टाकून, "यल्ला, चला," म्हणत रोपं घेऊन चिखलात उतरला.