महेंद्रचा पुतळा

अमानवीय अनुभव वाचायला मला पहिल्यापासून आवडतं, पण ते सांगणाऱ्याची फिरकी घ्यायला. कुणी पांढऱ्या साडीतली बाई बघितली म्हणालं, की मी विचारायचो, "साडी सुती होती की सिल्क?" तेव्हा हे वाचून कुणी माझी फिरकी घेतली तर माझी काही तक्रार नाही. एवढंच लक्षात घ्या की मी लांबून काही बघितलेलं नाही... या प्रकरणात ब्रश माझ्या स्वतःच्या हातात होता.

मी बाहुल्या करतो. हातात घालायच्या, काठीवरच्या, माणसाएवढ्याही. मुंबईत शाळांमधून, सोसायट्यांच्या कार्यक्रमांतून खेळ करायचो. पहिला लॉकडाऊन लागला आणि सगळं बसलं. काही दिवस खोलीत भिंती बघत काढले आणि परवानगी मिळाल्याबरोबर गावी आलो. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे निघालं की वाटेत कुडपणला जाणारा फाटा लागतो. त्याच अंगाला आमची वाडी. आई-वडील गेल्यापासून घर बंदच होतं. आल्या आल्या मला मराठी शाळेत क्वारंटाइन केलं. तिथे पडल्या पडल्या जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून, पिठाच्या खळीत मळून मी बाहुल्या करायला सुरुवात केली.

पुढे त्याच बाहुल्या घेऊन ऑनलाइन खेळ सुरू केले. व्हिडिओ चालेल एवढी रेंज फक्त वरच्या कातळावर यायची, खाली नुसता फोन कसाबसा लागायचा. तिथे मोबाइल दगडाला टेकवून मी बाहुल्या नाचवायचो आणि मुंबईतली पोरं आपापल्या फ्लॅटमध्ये बसून बघायची. सगळी म्यूटवर! हसताना दिसायची, पण ऐकू काही येत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसलाच प्रकार. त्यात एक गोष्ट शिकलो — मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर हातवारे कुणाला दिसत नाहीत, डोळे दिसतात. म्हणून बाहुल्यांचे डोळे मोठे करायला लागलो. टपोरे, सताड उघडे, समोरच्याला धरून ठेवणारे. हाताला तेच वळण पडलं.

आमच्या खालच्या घरात ताराकाकी राहते. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, महेंद्र. मुंबईत केटरिंगच्या कामाला होता. काम बंद पडलं तरी तो तिकडेच अडकला आणि आजारी पडला. खोलीवरच्या मित्राने त्याला दवाखान्यात पोचवलं, तर मित्रालाच क्वारंटाइन केलं. मग एका सकाळी फोन आला की महेंद्र गेला. आणि सगळं उरकलंसुद्धा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विद्युतदाहिनीत. कुणी तोंड बघितलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. काकी त्या दिवशी रडली नाही, ओटीवर नुसती बसून होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

आमच्याकडे पद्धत आहे. ज्याचं प्रेत घरी आलं नाही, पुरात नाहीतर परमुलखात गेला, त्याचा गवताचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. काकीचे दीर नाना, वाडीतले कर्ते. त्यांनी पोलादपूरच्या भटजींना फोन लावून दिवस धरला. आणि काकी माझ्याकडे आली.

"तू बाहुल्या करतोस ना रे? माझ्या पोराला तोंड करून दे. नारलाला काय बघू मी? तोंड पायलं नाय रे मी त्याचं शेवटचं."

नाही कसं म्हणणार? खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. इतके महिने म्यूट पोरांसमोर नाचल्यावर प्रथमच माझ्या कलेचं कुणाला तरी खरोखर काम पडलं होतं. बांबूच्या कामट्या, पेंढा, वर महेंद्रचा चौकड्याचा शर्ट. चेहरा तिच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून केला, कागदाच्या लगद्याचा. नाक जरा डावीकडे झुकलेलं, हनुवटीवर खळी. हुबेहूब उतरला. शेवटी डोळे काढले आणि हाताने सवयीने घात केला... टपोरे, सताड उघडे.

काकी बघायला आली. त्याच्या गालावरून हात फिरवला आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा रडली. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "मेलेल्या मानसाचं डोलं उघडं नसतात रे. मिट ते."

चूक माझीच होती. पापण्यांच्या जागी अंगाचा रंग दिला, खाली केसांची बारीक रेघ ओढली. झोपल्यासारखा दिसायला लागला. पुतळा पडवीत ठेवून मी झोपलो.

सकाळी पुतळ्याचे डोळे उघडे होते.

वरचा रंग गेला होता आणि खालचा डोळा जसाच्या तसा, बुबुळातल्या पांढऱ्या ठिपक्यासकट. पहिल्यांदा मी वैतागलो. वाटलं, काकीनेच येऊन पुसलं असणार, आईचं मन. पण एक गोष्ट डोक्यात बसेना. दोन्ही रंग पाण्यातले. ओल्या फडक्याने पुसलं असतं तर खालचा डोळाही फराटला असता. वरचा तेवढा निघून खालचा राहील कसा? काकीला विचारलं तर तिने देवाची शपथ घेतली.

मग मीही इरेला पेटलो. दाराला लावून उरलेला ऑइलपेंट होता, त्यात पिवळा-तांबडा मिसळून अंगाचा रंग केला आणि पापण्या जाड रंगवल्या. हा घासलेटशिवाय निघत नाही. पुतळा माजघरात नेला, कुलूप लावलं, किल्ली उशाखाली. मनात म्हटलं, आता ये बाबा, कोण येतोस ते.

सकाळी कुलूप उघडलं. डोळे उघडे. आणि ऑइलपेंट गालांवर पसरलेला — डोळ्यांच्या कोपऱ्यातून कानांपर्यंत, दोन्ही बाजूंना. झोपेतून उठलेलं लहान पोर मनगटाने डोळे चोळतं ना, तसा. घासलेटचा वास कुठेही नव्हता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर येऊन ओटीच्या पायरीवर बसलो.

काकी तेवढ्यात चहा घेऊन आली. ती आत गेली, बराच वेळ आतच होती. बाहेर आली तेव्हा चेहरा वेगळाच.

"त्याला मिटायचं नाय रे डोलं," ती म्हणाली. "माझा पोर गेला नाय. तो पुतला देऊ नको कुनाला."

दुःखाने बाई भ्रमिष्ट झाली, असं मला वाटलं... आणि त्याच वेळी असंही वाटलं की ती बरोबर बोलतेय. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

नाना पुतळा न्यायला आले. सोबत भाऊकीतले दोघं, तोंडाला रुमाल बांधलेले. पुतळ्याचं तोंड बघून नाना दोन पावलं मागे सरले.

"ह्ये कसलं ध्यान केलंस? तरी मी म्हनत होतो, नारल बरा. कायतरी शिरलंय ह्यात. आजच्या आज जालून टाकतो."

"जिता हाय माझा पोर!" काकी दारात आडवी झाली.

"वैनी, सरकारी मानसाचा फोन आलाय. पेपर हायत. तुझं ऐकून त्याला लटकत ठेवू काय? त्याची गती अडवू?"

नाना वाईट माणूस नव्हे. पुतण्याला सद्गती मिळावी म्हणूनच त्यांचा जीव तुटत होता. ते माझ्याकडे वळले. "तू शिकलेला हायस. तू सांग हिला."

शिकलेला माणूस काय सांगणार होता? मी म्हणालो, "नाना, रंग ओला आहे. ऑइलपेंट ओला असताना पेटवला तर भडका उडेल, गवतात आग जाईल. वाळू दे दोन-तीन दिवस." साफ खोटं. गाल केव्हाच खडखडीत वाळले होते. पण नानांनी हात लावून बघितलं नाही. त्यांना हात लावायचाच नव्हता.

त्याच दुपारी काकीला घेऊन मी कातळावर चढलो. महेंद्रच्या मित्राला फोन लावला, तो नुकताच क्वारंटाइनमधून सुटला होता. काकी त्याला एवढंच म्हणत राहिली, "जाऊन बघ. तू सोताच्या डोल्यानं बघ. दुसरं काय नको." त्याला वाटलं असणार म्हातारी भ्रमली, पण पोरगा गुणी, गेला. दवाखान्यात पहिल्या दिवशी आत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या वॉर्डबॉयच्या हातापाया पडून त्याने आयसीयूत काचेतून बघितलं.

महेंद्र होता. व्हेंटिलेटरवर, दुसऱ्याच माणसाच्या नावाने. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी त्याचे कागद बदलले गेले होते. गेला तो शेजारचा. त्या गर्दीत, त्या किटमध्ये, एकमेकांचे चेहरे कुणाला दिसत होते?

त्याचा फोन आला तेव्हा आम्ही पुन्हा कातळावर होतो, स्पीकर चालू होता. काकीने ऐकलं आणि खाली बसून दगडावर डोकं टेकलं. मी तिला उचलायला वाकलो आणि मीच हुंदके द्यायला लागलो.

महेंद्र घरी यायला बरेच आठवडे लागले. निम्मा झाला होता, आवाज घोगरा. पुतळ्याबद्दल त्याला कुणी काही सांगायचं नाही, असं काकीने वाडीला बजावलं होतं. पुतळा माझ्याकडे माजघरात चादरीखाली होता. त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नव्हती. माझीही नाही.

एका संध्याकाळी तो माझ्या ओटीवर येऊन बसला. दवाखान्याचं बोलायला लागला.

"दादा, मधलं काय आठवत नाय. सगळा काळोख. पन एक आठवतं. कोनतरी डोळ्यांवर थंड थंड काय लावायचं रे. ओलं. बारीक... पिसासारखं. पापन्या जड व्हायच्या, वाटायचं मिटून घ्यावं, बरं वाटंल. मग आई आठवायची आनि मी मनगटानं पुसून काढायचो, जोर लावून. नर्सला विचारलं मी नंतर. ती बोल्ली, तुझे हात बांधलेले होते, नळ्या काढशील म्हनून."

मी त्याला आत नेलं आणि चादर काढली. तो पुतळ्याजवळ गेला. मग गालांवरचे फराटे त्याने बोटाने चाचपले, आणि विचारलं ते भलतंच.

"माझ्या नावानं कोन जळला रे?"

चौकशी केली आम्ही. ज्या नावाने महेंद्र त्या खाटेवर होता, तेही त्या शेजारच्या माणसाचं खरं नाव निघालं नाही. कुणीतरी रस्त्यावरून आणून सोडलेला, अंदाजाने लिहिलेलं नाव, पत्ता नाही. तो कोण, कुठला, आजवर कळलेलं नाही. एका डॉक्टर मित्राला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, आयसीयूत भास होतात, डोळ्यांत मलम घालतात, त्याचंच काहीतरी. असेल. पण मग माझ्या कुलूपबंद माजघरातला ऑइलपेंट कुणी पुसला, हे त्यालाही सांगता आलं नाही.

पुतळा मात्र अग्नी न देता रिकामा ठेवायचा नाही, त्या अनोळखी माणसासाठी तो जाळायचा, असं नाना म्हणाले, आणि या वेळी सगळ्यांना पटलं. महेंद्रचा चेहरा मी काढून घेतला, शर्टही. गवताच्या अंगावर नारळ ठेवला. नदीकाठी जेमतेम पाच-सहा माणसं. बायका येत नाहीत, पण काकी आली आणि तिला कुणी अडवलं नाही. महेंद्र म्हणाला, माझ्या नावावर गेला तो, अग्नी मीच देणार.

भटजी यायला तयार नव्हते, फोनवरून मंत्र सांगत होते. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणा, म्हणाले. मग विचारलं, "नाव?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फोनमधून पुन्हा आवाज आला, "अहो, नाव सांगा. कुणाचं म्हणू?"

महेंद्रने तोंड उघडलं. तो स्वतःचंच नाव सांगणार होता, ते मला दिसलं आणि काकीलाही. तिने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने माझ्या हातातला फोन आपल्याजवळ ओढला.

"ताराबायचा मुलगा म्हना," ती म्हणाली. "थोरला."