बटणबाईंचे फ्रिजवरचे काका

संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाईंना सगळे बटणबाई म्हणत, कारण त्यांच्या घरात यजमानांच्या एकाही शर्टाला पुरती बटणं नव्हती. ती सगळी जेवणाच्या टेबलावर, चौकटीच्या कापडावर संशोधनाला जुंपलेली. आकडे घेऊन कुणीही येवो, आधी माणशी एक बटण मांडायचं, डोळे भरून बघायचं आणि मगच कसोटीचं नाव काढायचं, हा तिथला शिरस्ता.

समुपदेशक ताई आल्या त्या तरंगतच. चाळिशीत हाती घेतलेला मानसशास्त्राचा प्रबंध संपत आला होता. पोहायला शिकणाऱ्या बारा प्रौढांना पाण्याची भीती किती आणि ते दांड्या किती मारतात, यांचा सहसंबंध निघाला होता, शून्य ते एकच्या पट्टीवर, चक्क पॉइंट सात!

"अंतरं मोजणारा पिअर्सन लावलास ना? मांड बटणं."

आडवी भीती, उभ्या दांड्या. अकरा बटणं एका कोपऱ्यात गोळा झाली. बारावं, तपकिरी, लोखंडी, पार दुसऱ्या टोकाला. ते एक काका होते. अंघोळीलाही नळ घट्ट धरून उभे राहणारे आणि वर्गात क्वचितच उगवणारे.

बाईंनी काकांवर तळहात ठेवला. "आता दाखव तुझा संबंध."

उरलेली बटणं वाटेल तशी सांडलेली.

"मग काकांना काढून टाकू?"

"का गं? बिचारा जीव मुठीत धरून आला, आणि तू हाकलतेस? रांगेत उभं कर सगळ्यांना." बाईंनी तपकिरी बटण उचलून फ्रिजवर ठेवलं. "बघ, काका आणखी लांब गेले. पिअर्सन लगेच फुगेल. रांगेत मात्र काका शेवटचे ते शेवटचेच."

"म्हणजे फक्त क्रमांक बघणारा स्पिअरमन?"

"चालेल. पण माणसं थोडी, त्यात तिघं-तिघं एकाच पायरीवर. मी केंडल घेईन, तोही क्रमांकच बघतो, पण जोड्या लावून."

केंडलने हातावर टेकवलं पॉइंट तीन, तेही बिनभरवशाचं. ताई फ्रिजवरचं तपकिरी बटण हातात घेऊन त्यावरच रडू लागल्या. "बाई, मला नापास करतील हो!"

"आणि सात लिहिलंस, अन् परीक्षकाने काकांवर हात ठेवला तर?"

"रडू नका हो," यजमान दारातून म्हणाले, "ते माझ्या कोटाचं बटण आहे. गंजेल."

ताईंनी तीनच लिहिलं. बारा जणांवरून ठाम काही सांगता येत नाही, हेही लिहिलं. मौखिक परीक्षेत प्रश्न आलाच, "पिअर्सन का नाही?" ताईंनी पर्समधून उसनी आणलेली बटणं काढून मांडली. परीक्षकांनी तपकिरी बटण बोटाने झाकलं, उघडलं, पुन्हा झाकलं आणि लहान मुलासारखे हसले.

पदवी मिळाल्यावर ताई पेढ्यांऐवजी सुईदोरा घेऊन बटणबाईंकडे गेल्या आणि त्यांनी यजमानांच्या सगळ्या शर्टांना बटणं शिवून दिली. फ्रिजवर परत गेलेलं तपकिरी बटण तेवढं उरलं. त्यांनी कोट मागितला.

"काकांना राहू द्या तिथेच," यजमान म्हणाले. "कोट मी उघडा घालीन."